आप्पा आणि एकतीस नंबरचं गाव

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी दाढी करत होतो. फोन मुरुडहून होता, त्यांच्या मुलीचा, महानंदाचा. "दत्ताभाऊ, आप्पा गेले," ती म्हणाली. "सकाळी आंघोळ केली, पूजा केली, भस्म लावलं अन् भिंतीला टेकून बसले. मी चहा घेऊन गेले तर..." अर्धी दाढी तशीच पुसून मी एसटी स्टँड गाठला. नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड... पोचेपर्यंत दिवस कलला होता आणि आप्पांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे समाधीत बसवून, वर माती सारून झाली होती. ओल्या मातीवर मी बेलाचं पान ठेवलं. जमलेल्या लोकांत मला ओळखणारं कोणी नव्हतं. एकाने विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" मी म्हणालो, "हाताखाली होतो."

वीसेक दिवसांनी महानंदाचा पुन्हा फोन आला. मी अधूनमधून या पुरवणीत लिहितो हे तिला माहीत होतं. "आप्पांवर चार शब्द लिहा," ती म्हणाली. "त्यांच्यावर कोण लिहिणार? फक्त एक करा भाऊ. ते पांगरवाडीचं तेवढं लिहू नका. झालं त्यांच्या हातून. माणूस गेलाय, आता राहू द्या." मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो, तो तीन आठवडे नुसताच बसलो. आप्पांचा प्रामाणिकपणा, आप्पांची शिस्त, आप्पांचं कडक इस्त्रीचं धोतर, हे सगळं लिहून पाहिलं आणि फाडलं. कारण पांगरवाडी वगळून आप्पांवर जे काही लिहीन ते खोटंच होणार होतं. ती चूक आप्पांच्या हातून झाली नव्हती. माझ्या हातून झाली होती. हे माहीत असलेली जगात दोन माणसं होती, त्यातलं एक आता नाही. दुसऱ्याने अजून गप्प बसायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. गावाचं खरं नाव मी लिहीत नाही. पांगरवाडी हे मी ठेवलेलं नाव आहे. बाकी जसं घडलं तसं लिहितो.

माझे वडील अहमदपूरच्या मोंढ्यात हमाल होते. पोत्यावरची खूण बघून कोणता माल कोणत्या अडत्याचा हे ते ओळखायचे, पण अक्षर येत नव्हतं. मी नांदेडला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. निकालाच्या दिवशी वडिलांनी माझी मार्कांची यादी उलटी धरून बराच वेळ पाहिली आणि कुणीतरी सुलटी करून दिल्यावर तितकाच वेळ पुन्हा पाहिली. लगेच नोकरी लागली ती लातूरला. जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. ऑफिसं भाड्याच्या इमारतींत होती, पाट्यांचा रंग ताजा होता आणि कित्येक रबरी शिक्क्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव ब्लेडने खरवडून काढलेलं होतं. त्यातच दुष्काळ. मांजरा नदीत वाळू आणि वाळूत खड्डे. टंचाईच्या कामासाठी एका भाड्याच्या इमारतीत तात्पुरती तारखोली उघडली होती. तिथे एक टेलिप्रिंटर, एक पंखा, एक टेबल आणि तारमास्तर महालिंगआप्पा. मला त्यांच्या हाताखाली दिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "काय शिकून आलास बाबा?" मी छाती पुढे काढून सांगितलं, की कोणत्याही तारेतून ठरावीक वेळात जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते याला एक हद्द असते, ती तारेवर मिळणाऱ्या लहरींच्या पट्ट्याच्या रुंदीवर आणि तारेतल्या गोंगाटावर ठरते, आणि ती गणिताने काढता येते. मला ते सूत्र तोंडपाठ होतं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची पहिली शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. पुढे तारेची टिकटिक कानाने ऐकून शब्द लिहायला शिकलेला हा माणूस. "परीक्षेत किती मार्काला होतं हे?" त्यांनी विचारलं. "पाच," मी म्हणालो. "हां. मग पाच मार्काचं शिकलास. ऱ्हायलेलं हितं शिकशील." त्या दिवसापासून मी त्या खोलीत पाचमार्क झालो. "ये पाचमार्क, कागद लाव." "पाचमार्क, जेवलास का?" मला राग यायचा, पण डब्यातली अर्धी भाकरी ते मला न विचारता वाढायचे, त्यामुळे तो टिकायचा नाही.

आप्पांची एक रीत होती. कोणत्याही संदेशात आकडे असले की संदेश संपल्यावर ते सगळे आकडे शेवटी पुन्हा पाठवायचे आणि पलीकडच्याने ते परत पाठवून दाखवायचे. तारवाल्यांची ही जुनीच पद्धत, पण बाकीचे घाईत सोडून द्यायचे, आप्पा नाही. ते तिला नुसतं 'परत' म्हणत. "परत गेलं का? परत आलं का?" ही सवय त्यांच्या जिभेलाच लागली होती. चहावाल्याला सांगताना म्हणायचे, "चार... चार." एकदा त्या चहावाल्याने गंभीर चेहऱ्याने आठ कप आणून टेबलावर मांडले. "आप्पा, तुम्हीच म्हणलाव की. चार अन् चार." आप्पांनी एकेक कप मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मग पाचमार्काला पाच दे. उरलेले तीन मी पितो." तेवढंच हसणं मला त्या उन्हाळ्यातलं आठवतं.

काम असं होतं. अहमदपूर तालुक्याच्या पूर्वेच्या कडेची गावं लातूरपेक्षा नांदेडच्या बाजूला सोयीची. तिथले टँकर नांदेडच्या बाजूने भरून निघायचे. कोणत्या गावाला किती खेपा ते लातूरला ठरायचं आणि आम्ही रोज दुपारी तारेने नांदेडला कळवायचो. तार आमच्या एकट्याची नव्हती, दिवसातली पंधरा मिनिटं आमची. यंत्र मिनिटाला चारशे अक्षरं पाठवायचं, म्हणजे पंधरा मिनिटांत सहा हजार. सुरुवातीला गावं थोडी होती. गावाचं पूर्ण नाव, तालुका, विहिरीची हालत, खेपा आणि शेवटी परत, हे सगळं बसायचं. उन्हाळा चढला तशी यादी वाढली. पंधरा मिनिटं संपायची आणि वीस-वीस गावं उद्यावर जायची. उद्यावर म्हणजे एक दिवस पाण्याविना. वरून रोज विचारणा व्हायची.

तेव्हा मी पुढे झालो. मला खरंच वाटत होतं की माझ्या शिक्षणाचा हाच उपयोग आहे. मी कागदावर मांडून दाखवलं. गावाच्या नावाला दहा-बारा अक्षरं कशाला, प्रत्येक गावाला नंबर देऊ, दोन अक्षरांत काम होईल. रोज पूर्ण यादी तरी कशाला, सोमवारी एकदा पूर्ण पाठवू, मग फक्त बदल. आप्पांनी तो कागद दोन-तीनदा वाचला. "नावात एक अक्षर मेलं," ते म्हणाले, "तर बाकीची नऊ सांगतेत कोन हाय ते. नंबर मेला तर कोन सांगल?" मी म्हणालो, "परत आहे ना शेवटी." "हां," ते म्हणाले, "परत हाय तर कर. परत सोडायचं न्हाई. बाकी तुझं डोकं लई चांगलं चाललंय." त्यांनी वर जाऊन माझ्या नावाने ती पद्धत मंजूर करून घेतली. माझ्या नावाने, हे मुद्दाम लिहितो. साहेबांनी मला बोलावून पाठ थोपटली. मी अहमदपूरला जाऊन वडिलांना सांगितलं, की माझ्या हिशेबाने गावांना पाणी जातंय.

पण मोकळी झालेली जागा तशीच राहू देणारी माणसं ऑफिसात नसतात. आठ दिवसांत चारा छावण्यांचा तक्ता आला. मग जनावरांची संख्या. मग रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी. "तुमच्याकडे जागा आहे म्हणे," असं म्हणत जो तो आपला कागद आमच्या टेबलावर ठेवून जायचा. सहा हजार अक्षरं पुन्हा काठोकाठ भरली. परत पाठवायला दोन-तीन मिनिटं लागायची, तीही मला डोळ्यांत सलू लागली. एकदा पाठवलेलं पुन्हा पाठवणं म्हणजे वाया, असंच मी धरून चाललो होतो. मी पाठ केलेल्या त्या सिद्धांताचा अर्धा भाग मला कळला होता, की तारेला हद्द असते. उरलेला अर्धा असा, की हद्दीच्या आत राहून, काही अक्षरं मुद्दाम राखणीला ठेवली, तर गोंगाटातूनही संदेश जवळजवळ बिनचूक नेता येतो. राखणीची अक्षरं वाया नसतात. तीच संदेश पोचवतात. परीक्षेत मी हेही लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळाले होते.

एका शनिवारी आप्पा घरच्या लग्नासाठी मुरुडला गेले, पाच दिवस रजेवर. जाताना एवढंच म्हणाले, "वेळ पुरला न्हाई तर छावण्याचा तक्ता ठेव बाजूला. जनावरांचा आकडा उद्या गेला तरी चालतंय." मी मान हलवली. सोमवारी पूर्ण यादी गेली, परत गेलं. मंगळवारी बदल पाठवायचे होते. बदलांत एक नवं गाव होतं, नंबर एकतीस, पांगरवाडी. तोवर तिथल्या विहिरीला थोडं पाणी होतं, आता ती आटली होती. तीन खेपा मंजूर झाल्या होत्या. छावण्यांचा तक्ता बाजूला ठेवायचा म्हणजे वरच्यांना तोंड द्यायचं, आणि माझी नुकतीच पाठ थोपटली गेली होती. मी तक्ता पाठवला. 'परत' मात्र पाठवलं नाही. पंधरा मिनिटांत सगळं बसलं याचा मला आनंद झाला, हेही लिहिलं पाहिजे.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, कोरड्या विजा चमकत होत्या. उन्हाने सैल पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागायच्या. टेलिप्रिंटरचं प्रत्येक अक्षर पाच ठोक्यांचं असतं, ठोका आहे किंवा नाही. एकाच्या आकड्यातला शेवटचा ठोका वाटेत हरवला तर पलीकडे सात उमटतो. वाकडंतिकडं काही नाही, चांगला स्वच्छ सात. आम्ही पाठवलेलं एकतीस नांदेडला सदतीस झालं. सदतीस नंबरचं गाव रस्त्यावरचं, मोठं, तिथे आधीच दोन खेपा होत्या, त्याच्या तीन झाल्या. जास्तीचं पाणी आलं म्हणून कोणतं गाव तक्रार करतं? आणि पांगरवाडी नांदेडच्या यादीत उगवलीच नाही. आमच्या कागदावर मात्र एकतीस नीट छापलेलं होतं.

बुधवारी पांगरवाडीचा एक माणूस आला. डोक्याला पंचा, हातात चप्पल. तालुक्याहून त्याला लातूरला पाठवलं होतं. "साहेब, टँकर न्हाई आला वो." मी फाइलमधला कागद काढून बोट ठेवून दाखवलं. "हे बघा, एकतीस, तीन खेपा. काल गेलंय." "गेलंय म्हन्ता पर आलं न्हाई की." "येईल. वाटेत असेल. आज नाहीतर उद्या." तो माणूस कागदावरच्या माझ्या बोटाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. माझ्या वडिलांसारखाच तो त्या कागदाकडे आदराने बघत होता. मग म्हणाला, "तुमी म्हन्तायसा तर यील." आणि गेला. त्याने जाऊन गावाला सांगितलं असणार, की टँकर वाटेत आहे, मोठ्या ऑफिसात लिहिलेलं बघून आलो. या वाक्यावर मी आजवर अनेकदा येऊन थांबलो आहे.

गुरुवारी सकाळी आप्पा कामावर आले. आल्याआल्या त्यांनी तीन दिवसांचे कागद चाळले. मंगळवारच्या कागदाच्या तळाशी येऊन थांबले.

"परत कुठाय?"

"वेळ पुरत नव्हता आप्पा. छावण्यांचा तक्ता होता, वरून सारखं..."

"परत कुठाय म्हणलो मी."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, यंत्रावर बसले, आमची वेळ नसताना नांदेडची विनवणी करून तार मागून घेतली आणि विचारलं, एकतीस नंबरच्या खेपा कळवा. उत्तर लगेच आलं. एकतीस यादीत नाही. आप्पांनी मग गावाचं नाव अक्षर-अक्षर करून पाठवलं, पूर्ण, आणि पुन्हा एकदा पूर्ण. तासाभरात नांदेडच्या बाजूने टँकर निघाला. तो दुपारी पोचला. तोवर पांगरवाडीची माणसं विहिरीभोवती जमली होती. विहिरीच्या तळाला एका कपारीत वाटी-वाटीने पाणी पाझरत होतं, ते भरायला कस्तुराबाई नावाची एक बाई दोराने खाली उतरली होती. उन्हाने तडकलेला काठ वरून तिच्यावर ढासळला. टँकर आला तेव्हा लोक दगड उपसत होते. कुणी टँकरकडे वळूनही बघितलं नाही, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं.

चौकशी बसणार हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं दार लोटून आप्पांनी मला विचारलं, "तुझं प्रोबेशन कवा संपतंय?" "दिवाळीला," मी म्हणालो. "मग गप बसायचं. विचारलं तर म्हणायचं, आप्पानं सांगितलं तसं केलं. वेळ पुरला न्हाई तर परत सोडून दे, असं मी रजेवर जाताना बोललो होतो." "पण आप्पा, तुम्ही तर..." "मी काय बोललो ते मला म्हाईत हाय. तुला काढून टाकतील. मला काढत न्हाईत, बढती थांबवतील, कुठंतरी फेकतील. तुझा बाप पोती उचलतोय अजून." मी रडलो. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "अन् ही गोष्ट कुठं बोलायची न्हाई. मी माझ्या घरातबी बोलणार न्हाई. घरात बोललं की मुरुडात झालं, मुरुडात झालं की लातुरात."

तसंच झालं. त्यांची बढती गेली, बदली धर्माबादला झाली, पार दुसऱ्या टोकाला. स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, तारमास्तरच्या हलगर्जीपणामुळे गाव पाण्याविना. त्या आठवड्यात माझे वडील लातूरला आले होते. मोंढ्यात त्यांनी ऐकलं होतं. "त्यो मास्तर तुझ्याच खोलीतला न्हवं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "चांगला दिसत होता की मानूस," ते म्हणाले आणि जेवू लागले. माझे वडील हे असंच समजून वारले.

धर्माबादला जायच्या आधी आप्पा पांगरवाडीला जाऊन आले, एकटे. कस्तुराबाईच्या तेराव्याला. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या सदऱ्याचा खिसा फाटलेला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "विहीर काय लई खोल न्हाई रे." नंतर मीही एकदा निघालो होतो. फाट्यावर उतरलो. तिथून गाव पायी अर्ध्या तासावर. झाडाखाली थोडा वेळ बसलो आणि समोरून येणारी लातूरची गाडी धरली. तेवढीच माझी पांगरवाडी.

माझं प्रोबेशन दिवाळीला संपलं. पुढे परीक्षा दिल्या, वर चढलो. तांब्याच्या तारा गेल्या, काचेचे तंतू आले. केसाएवढ्या तंतूतून डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळ्या जिल्ह्याची टंचाई पलीकडे जाईल, असे आकडे मी रोज हाताळू लागलो. नव्या मुलांना शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. मी त्यांना सांगायचो, की नव्या यंत्रांतसुद्धा प्रत्येक संदेशाबरोबर राखणीची अक्षरं जातात, ती काढली तर काय होतं ऐका... आणि पांगरवाडीची गोष्ट सांगायचो. 'एका ऑफिसात एका माणसाने' अशी सुरुवात करून. मुलं मन लावून ऐकायची. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, त्या माणसाचं पुढे काय झालं?" मी म्हणालो, "त्याची बदली झाली." वर्गातून बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं, की खोटं बोलायला मला आता विचारही करावा लागत नाही.

आप्पांना मी भेटत राहिलो. धर्माबादला, आणि ते निवृत्त झाल्यावर मुरुडला. वर्षातून एकदा तरी. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हाही गेलो होतो. दर वेळी ठरवून जायचो, की आज विषय काढायचा, त्यांच्या घरच्यांसमोर काढायचा. धर्माबादला एकदा काढलाही. "आप्पा, मी आता सांगून टाकतो. माझी नोकरी आता कोणी घेत नाही." ते मिरच्यांच्या बाजारातून येत होते, सारखे शिंकत होते. नाक पुसून म्हणाले, "सांगून बाई उठणार हाय का? मंग कशाला. तुझं मन हलकं करायला का?" मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मी त्याला त्यांचा मोठेपणा म्हटलं आणि घरी आलो. आज वाटतं, त्यांनी मला अडवलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं.

हा लेख छापायला देण्याआधी मी मुरुडला गेलो. महानंदाला न सांगता हे छापणं म्हणजे आणखी एक चोरी झाली असती. ती आप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती. लग्नानंतर काही वर्षांतच ती माहेरी परतली, तेव्हापासून आईवडिलांचं सगळं तिनेच केलं. खोलीत लोखंडी खाट, भिंतीवर त्यांचं उपरणं, कोपऱ्यात तिवईवर माठ. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि वर लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं. मंगळवारच्या कागदापाशी आलो तेव्हा तिचा सुपातला हात थांबला. मग शेवटपर्यंत तो हलला नाही.

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आई गेली तवा तुम्ही आला होता."

"हो."

"हार घेऊन आला होता. मोठा." ती सुपाकडे बघत होती. "पांगरवाडीपासून आईनं आप्पांना तिच्या हातानं पाणी दिलं न्हाई, भाऊ. जेवायला वाढायची. आजारात पाय दाबायची. पर पाणी न्हाई. म्हणायची, ज्यानं गावचं पाणी तोडलं त्याला मी कसं देऊ, कस्तुराबाई बघती वरून. आप्पा एक शब्द बोलले न्हाईत. धर्माबादहून आले की हा माठ भरून हितं आणून ठिवायचे. आपला भरायचे, आपला घ्यायचे. आई गेल्यावर मला द्यायला काय झालं होतं? चहा द्यायचे, पर पाणी मी बी दिलं न्हाई. घराची रीतच झाली होती ती."

पत्नीच्या हातून पाणी मिळत नव्हतं आणि हा माणूस धर्माबादच्या बाजारात शिंकत मला विचारत होता, तुझं मन हलकं करायला का?

"छापू का हे?" शेवटी मी विचारलं.

"छापा," ती म्हणाली. "मी नको म्हणलं होतं ते आप्पासाठी म्हणलं होतं. तुमच्यासाठी न्हाई."

"पांगरवाडीला पण जायचं म्हणतोय."

"जावा की. आप्पा गेलते." तिने सूप उचललं, पदर खोचला. बाहेर ऊन रणरणत होतं. मी येऊन तास होऊन गेला होता आणि एवढं मोठ्याने वाचून माझा घसा कोरडा पडला होता. आमच्या भागात पाहुणा टेकायच्या आत त्याच्यापुढे तांब्या येतो, मग बोलणं. ती माझ्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबली. तिच्या ते लक्षात आलं होतं.

"माठ तिथं हाय," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

माठ भरलेला होता. त्याच्याभोवतीचं फडकं ओलं होतं, म्हणजे त्याच सकाळी कुणीतरी भरला होता. मी खाटेवरून उठलो आणि माझ्या हाताने पाणी घेतलं.